हात धरून गिरवणं

आमचा आतेभाऊ साताऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डर आहे. सांगलीला आयटीआय केलं आणि तेव्हापासून वीस वर्षं हातात टॉर्च. गेल्या वर्षी त्यांच्याकडे रोबो आला आणि त्याला शिकवायचं काम ह्याच्याच गळ्यात पडलं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला फोन. "दादा, प्रोग्रॅमिंग किती शिकावं लागंल?"

गेलो बघायला. (कंदी पेढे हे निमित्त होतंच!) तर काय, प्रोग्रॅमिंग जवळजवळ नाहीच! एक बटण दाबून धरलं की तो अवजड हात हलका होतो. सांध्यांमधल्या मोटरी वजन तोलण्यापुरताच जोर लावतात, बाकी आपण नेऊ तिकडे तो येतो. जोडाच्या सुरुवातीला न्यायचं, पडद्यावर बिंदू नोंदवायचा, मग पुढचा. टॉर्चचं वजन मात्र आधी नीट भरायचं, नाहीतर हात आपोआप खाली झुकतो. बालवाडीत बाई पाटीवर हात धरून 'ग' गिरवून घ्यायच्या ना, अगदी तस्संच.

कल्पना जुनीच. 1960च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेतल्या ट्राल्फा कारखान्यात एकचाकी हातगाड्या रंगवायला असा रोबो केला होता. रंगारी एकदा हात फिरवून दाखवायचा, पुढे तो तेच करायचा. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने 2008 पासून असे हलके हात विकायला काढले आणि आपल्याकडे चाकणला बजाजनेही ते लावले.

पण मंडळी, रोबो शिकला तो फक्त रस्ता. आमचा भाऊ वेल्डिंग कानाने करतो. कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की बरोबर. तो फुटला की हात आपोआप बदलतो. दोन पत्र्यांत फट जास्त असली तर तो टॉर्च किंचित हलवत नेतो. रोबो मेला सरळ जातो! हे कुठल्या बटणाने शिकवायचं? कान त्याचा, बिंदू त्याचे, आणि कागदोपत्री तो अजून नुसता वेल्डरच.

सांगलीला आत्याला सगळं सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "शिकवणाऱ्याचा पगार वाढला का?"

वाढला नव्हता.

प्रोग्रॅम साठवताना नाव द्यावं लागतं. त्याने नुसता पार्ट नंबर टाकला होता. मी म्हटलं, पुढे तुझं नाव टाक.

"चालतंय का?"

जागा होती. टाकलं.