सुधारणे आणि बरे होणे

मराठीत व्यसनी माणसाबद्दल एक प्रश्न विचारतात आणि मनोरुग्णाबद्दल दुसरा. पहिल्याबद्दल विचारतात, ‘सुधारला का?’ आणि दुसऱ्याबद्दल, ‘बरा झाला का?’ एकाच माणसाविषयी हे दोन्ही प्रश्न ऐकावे लागेपर्यंत त्यांतले अंतर सहसा ध्यानात येत नाही. आम्हां दोघी बहिणींना ते आमच्या थोरल्या भावामुळे, दादामुळे, ध्यानात आले. आईकडची माणसे त्याच्या दारूविषयी विचारतात, त्याच्या कचेरीतले जुने सहकारी त्याच्या ‘डोक्याविषयी’ विचारतात. आणि उत्तर देताना आम्हांला दर वेळी मनाशी ठरवावे लागते, की समोरचा नेमक्या कोणत्या दादाची चौकशी करतो आहे. आम्ही दोघीही मराठी शिकवतो, एक सांगलीत आणि एक कोल्हापुरात. शब्दांकडे थोडे संशयाने पाहण्याची सवय त्या पेशातूनच लागलेली.

‘व्यसन’ हा शब्द मुळात इतका कोता नव्हता. संस्कृतात त्याचा अर्थ संकट, आपत्ती असाही होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे, आणि त्यात राज्याच्या अंगांवर कोसळणाऱ्या आपत्ती आणि मृगया, द्यूत, मद्यपान यांसारखे माणसाचे दोष एकाच नावाखाली येतात. शब्दाच्या पोटी फेकण्याचा, भिरकावण्याचा धातू आहे. रोजच्या मराठीपर्यंत येता येता त्यातली आपत्ती गळाली आणि दोष तेवढा उरला. मग दोषाला जे करायचे तेच व्यसनाला करायचे : उपदेश, शपथ, प्रायश्चित्त. आपत्तीला निराळे काही करावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांना ‘एकच प्याला’ शिकवताना हीच अडचण येते. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. शंभर वर्षे उलटून गेली तरी उत्तरपत्रिकेतले उत्तर ठरलेले आहे : दारूचे दुष्परिणाम. नाटकाचे नावही त्या उत्तराला फूस देते. एक प्याला घेतला, सगळा सर्वनाश झाला. वर्गात ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशांना हशा पिकतो, सिंधूसाठी हळहळ होते, आणि सुधाकर एक उदाहरण म्हणून निकालात निघतो.

पण सुधाकर पिऊ लागतो तो न्यायालयात मानभंग होऊन सनद गेल्यानंतर. मानी, तापट, स्वतःच्या बुद्धीवर फार मोठा भार टाकून उभा असलेला हा माणूस आधी कोसळतो आणि मग तळीरामाचा प्याला पुढे येतो. त्याहून महत्त्वाचा आम्हांला वाटतो तो पुढचा भाग. सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो. काम मागायला जुन्या ओळखीच्या माणसांकडे जातो आणि तिथल्या अवहेलनेने पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारूविरोधी नाटकाला या प्रवेशाची फारशी गरज नव्हती. उतरणीवरचा माणूस सरळ खालीच नेला असता तरी उपदेश पुरा झाला असता. गडकऱ्यांनी मात्र शुद्धीवर आलेला सुधाकर दाखवला, आणि तो प्यालेल्या सुधाकरापेक्षा अधिक उघडा, अधिक असहाय आहे. सुधाकराला कोणता मनोविकार होता असले निदान आम्हांला करायचे नाही (नाटकातल्या पात्रांना गोळ्या लिहून देण्याची एक टूम मध्यंतरी निघाली होती, ती आम्हांला मानवत नाही). एवढेच म्हणायचे आहे, की दारू थांबल्यावर खाली जे असते ते दिसू लागते, हे त्या प्रवेशात आहे आणि आमच्या उत्तरपत्रिकांत नाही.

दादाच्या बाबतीत खाली जे होते ते आम्ही दारूच्या आधी पाहिले होते. १९८९ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो आठवडाभर जवळजवळ झोपला नाही. अभियांत्रिकीची परीक्षा तोंडावर होती आणि हा रात्रभर कृष्णेवरच्या एका नव्या पुलाचे नकाशे काढत बसे. पहाटे आम्हां दोघींना उठवून समजावून सांगे. बोलणे इतके भरभर, की वाक्ये एकमेकांवर चढत. पुढच्या तीन महिन्यांत तो अंथरुणातून उठेनासा झाला. घरात त्याला ‘अभ्यासाचा ताण’ असे नाव मिळाले. तेव्हा त्याने दारूला स्पर्शही केलेला नव्हता. ती आली चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, आणि तिच्या आगमनानंतर मागचे सगळेच तिच्या खात्यावर जमा झाले. रात्रीची जाग, उधळपट्टी, रडणे, दिवसेंदिवस गप्प बसणे, या सगळ्याला आता एक सोपे, सर्वांना ठाऊक असलेले कारण मिळाले होते.

व्यसनमुक्ती केंद्रात तो तीनदा राहिला. तिसऱ्या वेळची, २०१६ सालची, हकीगत सांगण्याजोगी आहे. (केंद्राचे नाव सांगत नाही, तिथली माणसे कष्टाळू होती.) पहिले दोन आठवडे अंगाची थरथर, घाम, मळमळ यांत गेले. तिसऱ्या आठवड्यात दादा उठला तो एकदम तेजाळलाच. पहाटे चारला उठून व्हरांडा झाडू लागला, नव्या रुग्णांना धीर देऊ लागला, सभेत तासतासभर बोलू लागला. समुपदेशकांनी त्याला आदर्श म्हणून पुढे आणले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने केंद्राच्या विस्ताराचे नकाशे दाखवले आणि वाक्ये एकमेकांवर चढू लागली. आम्ही तिथल्या समुपदेशकांना म्हटले, ‘हे नवं नाही, हे आम्ही पूर्वी पाहिलंय. त्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.’ ते समजुतीने हसून म्हणाले, ‘ताई, माणूस दारूतून बाहेर येतो तेव्हा त्याचा पुनर्जन्म होतो. घरच्यांनाच ते पटायला वेळ लागतो.’

पुनर्जन्म म्हणे! मुक्तीची भाषा आणि उन्मादाची भाषा इतक्या सारख्या आहेत, की नवख्याला एकीतून दुसरी वेगळी काढता येऊ नये. दोहोंत जुना मी मेलेला असतो, जग धुतल्यासारखे दिसते, सर्वांना काहीतरी सांगायचे असते. संतचरित्रे शिकवताना हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. त्या व्हरांड्यात पडला. घरी परतल्यावर पाचव्या आठवड्यात दादाने कर्ज काढून एक गाळा विकत घ्यायचे ठरवले, सहाव्यात प्याला, आणि केंद्राच्या नोंदीत ‘रिलॅप्स’ एवढा एकच शब्द आला.

त्यानंतरची दोन वर्षे टोलवाटोलवीची. मनोविकाराचे डॉक्टर म्हणत, ‘आधी दारू थांबवा, मग पाहू.’ केंद्र म्हणे, ‘मानसिक रुग्ण आम्ही घेत नाही, आधी तो स्थिर करून आणा.’ पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे, हे सांगितले पाहिजे. अतिमद्यपानाने स्वतःच नैराश्य येते आणि पुष्कळांच्या बाबतीत ते दारू थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरते. म्हणून महिनाभर वाट पाहून मगच निदान पक्के करावे, असा संकेत आहे. तो महिना जवळ राहून पाहायचा असतो, एवढेच त्यातून निसटते. ‘थांबून पाहू’चे ‘नंतर या’ होते. आणि असे रुग्ण काही अपवादात्मक नव्हेत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, द्विध्रुवीय विकाराच्या तीव्र प्रकारातील सुमारे ६० टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी नशेचा विकारही जडलेला आढळला होता. म्हणजे दादासारखे तिथे निम्म्याहून अधिक होते.

हे दोन दवाखाने परस्परांपासून इतके दूर का, याचा विचार करताना एक गोष्ट फार बोलकी वाटते. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई यांनी देणगी देऊ केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. पण ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत होत्या, हे त्या कथेत थोडे मागे पडते. म्हणजे महाराष्ट्रात या कामाचा पाळणा हलला तो मनोविकाराच्या दारात. पुढे गावोगाव केंद्रे निघाली, त्यांतल्या अनेकांनी सभा, प्रार्थना, शिस्त घेतली, आणि ते दार मात्र घेतले नाही. कायद्याने अखेर ते उघडले : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. व्याख्या बदलली, व्हरांडे बदलायला वेळ लागतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, ‘ए.ए.’चा, इतिहासही या बाबतीत नीट वाचला जात नाही. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी ही चळवळ निघाली. विल्सन डिसेंबर १९३४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, प्यायला नाही. पण १९४४ नंतरची जवळपास दहा वर्षे त्याला तीव्र नैराश्याने ग्रासले होते. हजारोंना शुद्धीवर आणणारा माणूस स्वतः शुद्धीत राहून खचत होता. आणि १९५८ साली त्याने संघटनेच्या मासिकात लिहिले ते याविषयीच, की पिणे थांबले तरी भावनांच्या पातळीवरची शुद्ध अजून पुढेच आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करण्याचा सल्ला कोणा सदस्याने दुसऱ्याला देऊ नये, असे ए.ए.ची पुस्तिकाही स्पष्ट सांगते. तरीही दादाला एका बैठकीनंतर चहा पिताना कोणीतरी प्रेमाने म्हणालेच, ‘गोळी हीसुद्धा एक नशाच आहे हो.’

आमच्यासारख्या साहित्यवाल्यांना मोह पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एडवर्ड खान्त्झियन या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली असे मांडले, की व्यसनी माणूस स्वतःच्या वेदनेवर स्वतःच औषध शोधत असतो. किती कादंबऱ्या, किती नाटके या एका वाक्यावर उभी करता येतील! दुःख झाले म्हणून प्याला. कार्यकारण पक्के, करुणाही पक्की. नैराश्यातला दादा यात बसतो. पण सर्वांत अधिक तो प्यायला तो उन्मादाच्या दिवसांत, जेव्हा त्याला कसलीच वेदना नव्हती, सगळे जग मित्र होते आणि मैफल मोडायची नव्हती. दारू झोप घालवी, झोप गेली की उन्माद चढे, चढला की दारू वाढे, आणि उतरताना सगळेच नैराश्याच्या खड्ड्यात जाई. यात आधी कोण आणि नंतर कोण, हे कथानकासारखे लावता येत नाही.

२०१८ साली मिरजेत एक डॉक्टर भेटल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वहीत लिहायला घेतल्या. लिथियम सुरू झाले. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ साली उन्मादावर उपयोगी म्हणून पुढे आणलेले हे साधे क्षार. पण त्याची रक्तातली मात्रा मोजत राहावे लागते, कारण औषध आणि विष यांतले अंतर थोडे आहे. भरपूर पिऊन उलट्या झाल्या, अंगातले पाणी घटले, तर ती मात्रा धोक्याच्या वर जाऊ शकते. दादाला हे सांगताना बाई रागावल्या नाहीत, घाबरवलेही नाही; त्यांनी वहीत एक रेघ आखून दाखवली. २०२१ च्या पावसाळ्यात तो पुन्हा घसरला. या वेळी मात्र क्रम वहीत होता : आधी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद, मग बारा दिवसांनी झोप बंद, मग बाटली. तिन्ही नोंदी त्याने स्वतःच्या अक्षरात केलेल्या. तेव्हापासून तो प्यायलेला नाही. नैराश्य दोनदा येऊन गेले.

या वहीत त्याने मध्येच, तारखेविना, व्याकरणाचा एक प्रश्न आम्हांला उद्देशून लिहून ठेवला आहे. ‘दारू सोडली’ याचा कर्ता मी. ‘दारू सुटली’ याची कर्ती दारू. आणि ‘आजार सोडला’ असे कोणी म्हणतच नाही. मग माझ्या वाक्याचा कर्ता कोण, ते तुम्ही दोघी ठरवा. आम्ही अजून ठरवलेले नाही. वाक्य सकर्मक ठेवले तर सगळा भार त्याच्या इच्छाशक्तीवर पडतो, अकर्मक ठेवले तर त्याने रात्री नऊला न चुकता घेतलेल्या गोळ्या आणि लग्नकार्यांत धरलेला मागचा दरवाजा कोणाच्याच नावावर राहत नाही.

लिथियमने हाताला बारीक कंप सुटतो. डॉक्टर त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. नातेवाईक देतात, कारण सकाळी थरथरणारा हात त्यांनी दादाच्या बाबतीत पूर्वी पाहिलेला आहे. गेल्या वैशाखात मावसबहिणीच्या लग्नात त्याच्या हातातली कपबशी किणकिणू लागली. मामांनी समोरून, पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘काय रे, परत सुरू?’

‘नाही मामा,’ दादा म्हणाला, ‘ही गोळीची आहे. दारूची थरथर वेगळी असते, ती मला ठाऊक आहे.’

मामा काही बोलले नाहीत. उठून त्याच्याजवळ येऊन बसले, त्याच्या हातातला कप घेतला आणि चहा बशीत ओतून दिला.