दूरदेशीची चाकरी आणि घर

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र सांगत होतो. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ साली राष्ट्रीय सभेने धाडलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. त्या वेळी चीनवर जपानची स्वारी चालू होती. पथकात आपल्या वऱ्हाडाशेजारच्या नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस तिकडे असतानाच इकडे त्यांचे वडील वारले. तरी ते परतले नाहीत. एका लढाईत त्यांनी सतत ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ साली ते डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तेथील एका चिनी परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या ऑगस्टात त्यांस पुत्र झाला, आणि ते मूल चार महिन्यांचेही झाले नसता, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी हा बत्तीस वर्षांचा गृहस्थ परभूमीत मरण पावला.

हे सारे आम्ही प्रतिवर्षी सांगतो आणि ‘केवढी ही कर्तव्यनिष्ठा!’ असे म्हणून पुस्तक मिटतो. या खेपेस मात्र मागील बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मग त्यांच्या आईचे कसे झाले?” त्या मुलाचे वडील आखातात नोकरीस आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही त्यास नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो प्रश्न आमच्याच घरचा होता.

चिखली तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. लागोपाठ दोन वर्षे सोयाबीन हाती लागले नाही, पतपेढीचे कर्ज थकले, तेव्हा आमचे ज्येष्ठ बंधू कुवेतला जोडारी म्हणून गेले. सुटी दोन वर्षांतून एकदा. तेथील घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. ते रात्री आठास खोलीवर परतत तेव्हा येथे साडेदहा वाजलेले असत, आणि त्यांची लहान मुलगी निजलेली असे. म्हणून शुक्रवार, त्यांच्या सुटीचा वार, हाच आमच्या घरी भेटीचा वार झाला.

मध्यंतरी आमच्या वडिलांस अर्धांगाचा झटका आला. तोंडाची डावी बाजू ओढली गेली. ‘दादांस उगाच काळजी नको,’ असे म्हणून आम्ही ती गोष्ट त्यांस कळविली नाही. इतकेच नव्हे, तर शुक्रवारी फोनवर बाबांची उजवी बाजूच दिसेल, असे आम्ही त्यांस खुर्चीत बसवीत असू. बाबाही निमूटपणे बसत. चार महिने हे चालले.

दादा सुटीवर आले तेव्हा दारातच त्यांच्या ध्यानी सर्व आले. ते रागावले नाहीत. काही बोललेही नाहीत. आठ दिवस ते बहुतेक निजूनच होते. कोणी हाक मारली तर दचकत, मुलीने वही दाखविली तर ‘नंतर’ म्हणत. ती पोर शेवटी अंगणात जाऊन तेथून त्यांस फोन लावू लागली. वडील माजघरात बसलेले असता! फोनवरचे वडील तिच्या परिचयाचे होते. घरात आलेला मनुष्य तिला परका वाटत होता.

नवव्या दिवशी दादांनी वहिनींस सांगितले की, कामावर त्यांस दोनदा घेरी आली होती. कुवेतात जूनपासून ऑगस्टपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करविण्यास बंदी आहे. परंतु पहाटेचे तास वाढतात आणि जादा कामाचा पैसा सोडवत नाही. दर शुक्रवारी फोन करण्यापूर्वी ते इस्त्रीचा सदरा घालीत, म्हणजे आम्हांस काही दिसू नये. आम्ही त्यांस बाबांची एकच बाजू दाखवीत होतो, आणि तेही आम्हांस आपली एकच बाजू दाखवीत होते.

या अवस्थेस आता विद्वानांनी नाव दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची लक्षणे तीन सांगितली: शक्ती सरून जाणे, कामाविषयी मन उडणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिने हिला रोग म्हटलेले नाही. दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणाचे हे फळ आहे, असे म्हटले आहे. दादांस हे नाव ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, “घरची आठवण येते म्हणून काम होत नाही, आणि काम केल्यावर घराशी बोलायला मी उरत नाही.”

कोटणिसांनी जखमी सैनिकांसाठी घर सोडले. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक माणसे घरासाठीच घर सोडतात. दोघांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दूर जाणाऱ्याच्या कष्टांचा अर्धा भार मागे राहिलेल्यांवर पडतो, हे त्या मुलाने आम्हांस शिकविले, आणि पुढील वर्षी तो धडा सांगताना आम्ही त्या मातेस विसरणार नाही.

दादा पुन्हा गेले आहेत. कर्ज अद्यापि पुरते फिटलेले नाही. जाऊ नका, असे म्हणण्याचे सामर्थ्य आमच्यात नव्हते. परंतु आता बाबा समोर तोंड करून बसतात, आणि दादा कामाच्याच सदऱ्यात फोन करतात. पैशाचे बोलणे आम्ही शेवटी ठेवतो. आधी ‘किती झोप झाली?’ हे विचारतो.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, भाऊ वा बहिणी पुणे-मुंबईस किंवा समुद्रापार असतील. त्यांच्याकडे मागण्याची यादी धाडण्यापूर्वी आपली खरी हकीकत धाडा, मार्क कमी पडले असले तरीही. आणि पालकहो, आपण थकला असाल तर मुलांस तसे सांगा. त्यांस ते समजते. आमच्या वर्गात तर आमच्या आधी समजले.