मीटर ठीक म्हणत होतं

मगरिबनंतर पलीकडच्या घरातून रोज तिलावतीचा आवाज यायचा. शेजारच्या खाला दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. नातवानं त्यांच्या उशाशी एक छोटा स्पीकर लावून दिला आहे. तो आवाज पंधरा दिवस बंद होता आणि आम्हा बाप-लेकांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या वेळी आम्ही गच्चीवर असायचो.

हॅम रेडिओचा परवाना हाती आल्यावर अँटेना घरीच करायची असं आम्ही ठरवलं होतं. चाळीस मीटर बँडसाठी साधारण 20 मीटर तार लागते. ती मधोमध तोडून तिथे केबल जोडायची, हा सरळ मार्ग. पण आमच्या गच्चीचा मध्य नेमका पाण्याच्या टाकीवर येतो. म्हणून तार एक-तृतीयांशावर तोडली. एक बाजू 6.7 मीटर, दुसरी 13.4. अशा जागी अँटेनाचा इम्पीडन्स सुमारे 200 ओहम असतो, आणि केबल व रेडिओ 50 ओहमचे. ही जुळणी करतो तो बॅलन, म्हणजे फेराइटच्या कड्यावर घातलेले तारेचे वेढे. वेढे दुप्पट केले की इम्पीडन्स चौपट होतो. आमच्यातल्या भाषा शिकवणाऱ्याला हे गणित पोरानं समजावलं.

बॅलन वर चढवण्याआधी टेबलावर तपासला. 100 ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून त्याच्या टोकांना लावले आणि दुसरीकडे तळहाताएवढं नॅनो-व्हीएनए मीटर. एसडब्ल्यूआर 1.1. तिथे 1 म्हणजे पैकीच्या पैकी. गच्चीवर अँटेनाला जोडल्यावर 1.5. "अब्बा, पास!"

मग एके दिवशी खालांचा नातू दारात आला. "चाचा, तुम्ही बोलता तेव्हा दादीच्या स्पीकरमध्ये कोणीतरी गुरगुरतं."

आम्ही त्याला काय सांगितलं, तर आमचं मीटर ठीक आहे, तुमचाच स्पीकर हलका असेल. शेजाऱ्याच्या हक्कावर जुम्याच्या बयानात इतकं ऐकलेले आम्ही!

इशानंतर राहवलं नाही. भेटायला गेलो. खाला म्हणाल्या, "बेटा, मला वाटलं माझेच कान गेले. कलाम ऐकताना मध्येच असलं काही ऐकू यावं, हे बरं वाटेना. मीच बंद करायला सांगितलं." तक्रारीचा एक शब्द नाही. परत येताना आम्ही दोघेही गप्प होतो.

चूक आमच्या तपासणीत होती. टेबलावरच्या रेझिस्टरची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे प्रवाहाला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. गच्चीवरच्या तारेचे दोन हात मात्र लहान-मोठे. उरलेला प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो आणि केबलच अँटेना बनते. आमची केबल खालांच्या भिंतीला लागूनच उतरते. मीटरचा आकडा हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मीटरकडे बघत केबल नुसती मुठीत धरली, तर 1.5 चे 1.9 झाले. जुळणी होती, पण अडवणूक नव्हती.

31 नंबरच्या फेराइटचं मोठं कडं मागवलं. त्यावर आरजी-58 केबलचे 11 वेढे घालून ते बॅलनच्या लगेच खाली बांधलं. तसंच दुसरं खिडकीपाशी. आता केबल कुठेही धरा, आकडा हलेना. मात्र तो 1.7 वर गेला होता. पोराला ते खुपलं, तार कापून बघू म्हणाला. राहू दे म्हटलं.

मगरिबनंतर नातू फोन घेऊन दादीच्या उशाशी बसला. रिकामी फ्रीक्वेन्सी पाहून आम्ही कॉलसाइन सांगत बोलू लागलो. 10 वॅट. "चालू आहे, चाचा." 25 वॅट. "चालू आहे." 50 वॅटला उत्तरच येईना. काळजाचं पाणी झालं.

मग फोनवर खालाच बोलल्या, "बेटा, आता फोन ठेवा. यासीन ऐकू दे."