प्रोमोतोराचा पगार

मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर इथून अमेरिकेत आलेल्या बायकांच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन मधुमेह, रक्तदाब आणि खाण्यापिण्याबद्दल बोलणाऱ्या बायकांना प्रोमोतोरा म्हणतात. त्या डॉक्टर नाहीत, नर्सही नाहीत. बहुतेक जणी त्याच गल्लीत राहणाऱ्या, त्याच वाटेनं आलेल्या. त्यांच्या सेवाभावाचं कौतुक भरपूर होतं, पगाराचा विषय मात्र शेवटी कुठेतरी येतो. मला तोच आधी काढायचा आहे. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचा परिणाम मोजला गेला आहे. तरीही ते वर्षा-दोन वर्षांच्या अनुदानावर आणि बायकांच्या चांगुलपणावर चालवणं मला अन्यायाचं वाटतं.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढ्या उद्दिष्टानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटतं, हे २००२ साली अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासात दिसलं. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी ते ३१ टक्क्यांनीच घटलं. पण तिथे दिमतीला तज्ज्ञ होते. तेच काम प्रोमोतोराला जमेल का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९२ लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, बायकांचे तीन गट केले होते. वर्षभरानंतर प्रोमोतोराच्या गटाचं वजन सरासरी चार किलोंनी उतरलं, मेटफॉर्मिनच्या गटाचं जेमतेम एक किलोनं, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचं थोडं वाढलंच. ९२ हा आकडा लहान आहे, वर्ष हा काळही थोडा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. वजन उतरवण्यापेक्षा ते टिकवणं अवघड असतं. पण अनुदान आटलं की कार्यक्रमही आटतो, मग लांबचा पुरावा गोळा तरी कोण करणार? पुरावा नाही म्हणून कायमचा पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून पुरावा नाही, या चक्राचा दोष त्या बायकांच्या माथी मारता येणार नाही.

कौशल्य कशात आहे ते जवळून पाहायला हवं. कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत सात-आठ जणी बसल्या आहेत. प्रोमोतोरा कोलाच्या सहाशे मिलीच्या बाटलीवरचा आकडा वाचते आणि रिकाम्या ग्लासात तेवढी साखर चमच्यानं घालत जाते. सोळा चमचे होतात. इथवर कुणालाही जमेल. खरं काम पुढे सुरू होतं. तोर्तिया सोडा, असं ती म्हणत नाही. मैद्याची कमी करा, मक्याची ठेवा, म्हणते. घेवड्याला डुकराच्या चरबीऐवजी थोड्या तेलाची फोडणी सुचवते, गावाकडे खाल्लेल्या निवडुंगाच्या पानांची आठवण करून देते. माहेरचं जेवण हिरावून न घेता ते बदलणं हे आहाराच्या छापील तक्त्याला येत नाही. शिवाय कागदपत्रं नसलेल्या बाईला २०१० च्या आरोग्य कायद्यानं उभारलेल्या विम्याच्या बाजारातून विमा विकत घेता येत नाही. उत्पन्न पाहून फी घेणारं केंद्र कुठे आहे, हे प्रोमोतोराच सांगते. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड नाकारलं जाईल, ही धास्ती २०१९ च्या नियमानं इतकी पसरवली की ज्यांना तो लागूच नव्हता त्याही मदतीपासून दूर राहिल्या. २०२१ मध्ये नियम गेला, भीती उरली. ती काढायला ओळखीचंच माणूस लागतं.

दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला चालायला सांगणं म्हणजे परिस्थितीचा दोष तिच्यावर ढकलणं, असं काही जण म्हणतात. नुसता उपदेश असेल तर ते खरंच आहे. पण बायकांना एकत्र काढून चालायला नेणारी प्रोमोतोरा गल्लीत दिवे नाहीत हेही नगरपालिकेला सांगू शकते. मला अधिक गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप: पगार आणि प्रमाणपत्र आलं की ती आपली राहणार नाही, साहेबीण होईल. टेक्सासनं १९९९ मध्येच याविषयी कायदा केला. तिथे प्रमाणपत्राला १६० तासांचं प्रशिक्षण लागतं, किंवा आधी केलेल्या कामाचे १००० तास धरले जातात. पदवी लागत नाही. प्रशिक्षणानं आपलेपणा जात नाही, हे तर आपल्याला जामखेडनं केव्हाच दाखवलं आहे. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी घडवलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या आरोग्यसेविका गावच्याच राहिल्या.

धोका पगारात नसून तुकड्यातुकड्यानं पैसे देण्यात आहे. आशा सेविकांना स्वयंसेविका म्हणायचं आणि कामागणिक मोबदला द्यायचा, ही पद्धत महाराष्ट्राला परिचयाची आहे. कॅलिफोर्नियाच्या मेडी-कॅल या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यानं जुलै २०२२ पासून प्रोमोतोरांच्या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली, ही मोठीच गोष्ट; पण हिशोब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सेवेचा. मालकानं मजुरी बुडवली म्हणून जिची झोप उडाली आहे, तिचं ऐकून घेण्यात गेलेली संध्याकाळ त्या बिलात कुठल्या रकान्यात लिहायची? ती संध्याकाळ मोजायची तर प्रोमोतोराला महिन्याचा पगार, आजारपणाची रजा आणि पुढच्या वर्षीही नोकरी राहील याची हमी द्यावी लागेल.