झोळी, रजई आणि परकराचा नेफा

बरेच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. मध्यंतरी धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, या वयात पावसात झाडाला लटकून झोपतोस म्हणे?" बातमी घरातूनच फुटलेली दिसते. तेव्हा आता सगळे सविस्तर लिहूनच टाकतो. म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगायला नको.

आम्ही एकाच शाळेतले चार मास्तर. निवृत्तीनंतर दर श्रावणात एक रात्र डोंगरात काढायची असा नेम होता. नाणेघाटाच्या अलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची भातखाचरे आहेत आणि वरच्या उताराला हिरड्याची झाडे. तिथे घोंगड्या पसरून आम्ही झोपायचो. चौघांपैकी आता चित्रकलेचे सर आणि मी, दोघेच उरलो. त्यात माझी कंबर. जमिनीवर झोपलो तर सकाळी उठवायला दोन माणसे लागतात. डॉक्टरांनी सांगितले, जमिनीवर झोपणे बंद. मुलगी म्हणाली, बरे झाले, आता तरी घरी बसाल. नातू मात्र म्हणाला, "आजोबा, हॅमॉक घेऊ या."

हॅमॉक म्हणजे झोळी. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. कोलंबसाने 1492 साली तिथल्या लोकांना अशा जाळ्यांत झोपलेले पाहिले, आणि मग युरोपातल्या खलाशांनी ती जहाजावर नेली. (इतिहास शिकवला आहे, तेव्हा एवढे चालवून घ्या.) पण ती उष्ण बेटे. आमच्या घाटमाथ्यावर पारा वीस-बावीस अंशांच्या खाली फारसा उतरत नाही, तरी पश्चिमेचा वारा आणि ओल यांनी माणूस कुडकुडतो. त्यात म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजलेली उशिरा कळते आणि अंग कापून ऊब आणण्याची ताकदही कमी झालेली असते. म्हणजे हा नुसता आरामाचा प्रश्न नव्हता. रात्री मीच गारठलो तर बरोबरच्यांना मला उचलून खाली न्यावे लागणार. तसे होणार असेल तर न गेलेलेच बरे, हे मी आधीच ठरवले होते.

म्हणून डिसेंबरात परसातल्या दोन आंब्यांना झोळी टांगून पाहिली. जुन्नरची डिसेंबरातली पहाट चांगलीच बोचरी असते. पहिल्या रात्री मुद्दाम अंगावर दोन रजया आणि खाली नुसते झोळीचे कापड. तासाभरात पाठ आणि बैठक बर्फासारखी! वरून घाम येतोय आणि खालून गारठा. कारण सोपे आहे. जमिनीवर वारा खालून येत नाही, झोळीत तो पाठीखालून सरळ वाहतो. बरे, रजई पाठीखाली घ्यावी तर आपल्याच वजनाने ती दबते, आणि दबलेल्या कापसात हवा राहत नाही. ऊब असते ती त्या अडकलेल्या हवेची. जाणकार लोक सांगतात की वीस-एकवीस अंशांखाली गेले की झोळीत पाठीखाली काहीतरी हवेच. माझा अनुभव तोच.

सौ. हे सगळे खिडकीतून पाहत होती. सकाळी म्हणाली, "बाळाच्या झोळीत आधी गोधडी घालतात, मग बाळ. एवढं साधं आहे." साधे तर होतेच. पण नातवाने पुढची गोष्ट सांगितली, की रजई झोळीच्या आत नको, बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची. म्हणजे ती दबत नाही. याला तयार वस्तू मिळते, पण तिची किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. मग घरातली जुनी पॉलिएस्टर भरलेली रजई काढली. सौ.ने तिच्या दोन्ही अरुंद टोकांना परकराला असतो तसा नेफा शिवला, त्यात नाडी ओवली आणि ती नाडी आवळून झोळीच्या दोन्ही टोकांना बांधली. रजई पाठीला हलकेच टेकली पाहिजे. फार ताणली तर दबते, फार सैल सोडली तर मधून वारा जातो. खालच्या बाजूला मोडक्या छत्र्यांचे कापड जोडून शिवले, त्याने वारा आणि शिंतोडे दोन्ही अडतात. पॉलिएस्टरच का, तर कापूस भिजला की संपला. पिसांचे भरीव तर त्याहून नाजूक आणि महाग.

ज्यांच्या घरी शिवणयंत्र नाही त्यांनी फोमची जाड चटई घ्यावी, साधारण सेंटिमीटरभर जाडीची. ती दबत नाही आणि पाणी पीत नाही. दोष एकच, रात्री अंगाखालून सरकते. झोळी दुपदरी असेल तर दोन पदरांच्या मध्ये सरकवा, जागेवर राहते. मी पावसात दोन्ही वापरतो. वयाचा फायदा!

पांघरायला घोंगडी. आमच्या विज्ञानाच्या सरांची आहे, त्यांच्या पत्नीने मला दिली. लोकर ओल धरूनही ऊब सोडत नाही, धनगर भर पावसात खोळ घेऊन उभा राहतो तो काही उगीच नव्हे. वजन मात्र भरपूर. ती नातू वाहतो आणि वाटभर बोलतो.

याच सरांनी वर्गात फळ्यावर काढलेली दोरीच्या ताणाची आकृती झोळी टांगताना आठवली. दोरी आडव्या रेषेपासून तीस अंश उतरती असेल तर प्रत्येक टोकाला आपल्या वजनाएवढा ताण येतो. ताणून दहा अंशांवर आणली तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून झोळी ढिली टांगावी, केळ्यासारखी बाक आलेली, आणि तिच्यात जरा तिरके झोपावे. पाठ सरळ राहते. माझी कंबर पहिल्याच महिन्यात खूष झाली. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर पुरते. बसल्यावर उंची खुर्चीइतकी असावी, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. (माझ्या वयाच्या वाचकांना रात्री दोनदा उठावे लागते, हे काही मी नव्याने सांगायला नको.)

झाडाला दोरी बांधू नका, सालीत रुतते. रुंद पट्टा घ्या. मला नवार आठवली होती, पण सुती नवार भिजून कुजते. नायलॉन ओले झाले की ताणते, आणि मध्यरात्री आपण हळूहळू जमिनीकडे निघालेले असतो. पॉलिएस्टरचा पट्टा बरा. आणि वर पाहा. वाळकी फांदी असेल ते झाड सोडा.

आता छप्पर. बाजारातली साधी प्लॅस्टिकची ताडपत्री, बारा बाय दहा फुटांची, वजन किलोभर. लांब बाजू झोळीच्या दिशेने, म्हणजे दोन्ही टोकांना झोळीपेक्षा हातभर जास्त येते. भातलावणीच्या बायका इरले घेतात ते पाठीवर उतरते असते. ताडपत्रीही तशीच हवी, दोन्हीकडे उतरती. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, म्हणून झोळी दक्षिणोत्तर टांगायची आणि ताडपत्रीची पश्चिमेची बाजू पार जमिनीपर्यंत खाली घ्यायची. घाटाच्या कड्यापासून लांब. नाणेघाटात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, तिथे कुठलीच ताडपत्री उपयोगाची नाही. पट्ट्यावरून पाणी ओघळत झोळीत येते, त्यासाठी पट्ट्याला एक चिंधी लोंबती बांधावी. पाणी तिथूनच ठिबकून जाते. पैशाचे काम नाही पण याच्याशिवाय सगळे फुकट.

झोळी सातशे, पट्टे तीनशे, ताडपत्री नऊशे, चटई साडेचारशे, दोऱ्या शंभर. मला असे पडले. रजई आणि छत्र्या घरच्या. झोपताना पायाशी मोज्यात घातलेली गरम पाण्याची स्टीलची बाटली, डोक्याला कानटोपी, आणि झोपेचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. ते काही झाले तरी दिवसा घालायचे नाहीत.

श्रावणातल्या त्या रात्री पाऊस थांबलाच नाही. खालून पाण्याचे ओहोळ वाहत होते, एक खेकडा बॅटरीच्या उजेडात माझ्या चपलेची पाहणी करून गेला. मी पाठीखाली हात घालून पाहिला, रजई कोरडी होती. पहाटेपर्यंत झोपलो. चित्रकलेचे सर विद्यार्थ्याच्या पडवीत झोपले होते. सकाळी येऊन झोळीभोवती एक फेरी मारली, नाडी ओढून पाहिली आणि विचारले, "ही रजई किती लांबीची?"

सध्या सौ. दुसऱ्या रजईला नेफा शिवते आहे. सर सहा फूट उंच, तेव्हा पायाकडे दीड वीत जोड द्यावा लागणार. जोडाला पॉलिएस्टर भरलेली आणखी एखादी जुनी रजई कुणाकडे पडली असेल तर कळवा.