दुपारी एक वाजता गाडी कोठे असेल?

वैशाखातील कोल्हापूर आपणांस परिचित आहेच. सकाळी रंकाळ्यावर सुखद वाटणारा वारा अकराच्या सुमारास जणू दडी मारतो. पारा चाळिशीकडे सरकू लागला की घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन एखाद्या थंड ठिकाणी जावे, असे वाटते. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली कॅराव्हॅन आता भाड्याने मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. तथापि निघण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. दर 1000 मीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे वीस किलोमीटरवरील पन्हाळा आपल्याला दोन-एक अंशांचा दिलासा देतो, तर पावणेदोनशे किलोमीटरवरील, सुमारे 1350 मीटर उंचीचे महाबळेश्वर पाच-एक अंशांचा. परंतु उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान दहा-पंधरा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. उंचीने दिलेले सारे उन्हातली गाडी हिरावून घेते. म्हणून ‘कोठे जायचे?’ याआधी ‘दुपारी एक वाजता गाडी कोठे असेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पहिल्या सहलीस पन्हाळाच बरा. गडावरच वस्ती असल्याने गाडी वरपर्यंत जाते, वृद्धांना चढण चढावी लागत नाही. पहाटे निघावे, तीन दरवाजा, अंबारखाना सकाळी नऊपूर्वी पाहून घ्यावेत. अकरा ते चार ही वेळ गाडीत काढू नये. एखाद्या निवासात पंख्याची, हवेशीर खोली आधीच ठरवून ठेवावी आणि सायंकाळी पुन्हा बाहेर पडावे. या दिवसांत वळीव अचानक कोसळतो. विजा चमकू लागल्या की झाडाखाली उभे न राहता गाडीत बसून काचा लावून घ्याव्यात. परतीचा प्रवासही पहाटेचाच असावा.

आता एक नाजूक गोष्ट. प्रवासात अनेक ज्येष्ठ मंडळी मुद्दाम पाणी कमी पितात. वाटेत शौचालय मिळेल का, मुलांना वारंवार गाडी थांबवावी लागेल का, या संकोचाने ती तहान मारतात; त्यातच वयोमानाने तहानेची जाणीवही मंदावलेली असते. कॅराव्हॅनचा खरा लाभ इथेच आहे. साधी गाडी असेल, तर दर तासाला थांबण्याचे आपणच ठरवावे. त्यांनी सांगण्याची वाट पाहू नये. पाणी, ताक, कोकम सरबत थोडे थोडे पुढे करावे. हृदय अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना आधी विचारावे. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर उन्हाळ्यातील मात्रेविषयीही विचारावे. स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत. इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात न ठेवता थंड पिशवीत ठेवावे. मात्र ते थेट बर्फाला लागू देऊ नये.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे ही उष्माघातापूर्वीची सूचना होय. अशा वेळी सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणभरही न थांबता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत अंग गार करीत राहावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

एवढी तयारी झाल्यावर बेत सर्वप्रथम घरातील वडीलधाऱ्यांसमोर मांडावा. त्यांनी “यंदा नको” म्हटले, तर त्यातही शहाणपण असू शकते. आणि “चला” म्हटले, तर अलार्म पहाटे चारचा लावावा.