भाड्याच्या सायकलवरून घारापुरी

घारापुरीला जायचं म्हणजे गेटवेवरून लाँच पकडायची, असं मुंबईकरांनी ठरवूनच टाकलंय. तासाभराचा समुद्र, बेटावर उतरलं की ती छोटी झुकझुकगाडी, मग टोप्या आणि माळांच्या दुकानांमधून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. वास्तविक हे बेट रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. तिथली माणसं बाजारहाटाला आणि तहसीलच्या कामाला उरणला येतात. पनवेलकराने लोकल धरून आधी मुंबई गाठायची आणि तिथून बोटीने पुन्हा आपल्याच जिल्ह्यात यायचं, हा द्राविडी प्राणायाम मला कधी पटला नाही. शिवाय मला बेटाइतकाच तिथवरचा खडकही पाहायचा होता. गाडीतून खडक दिसत नाही आणि पायी निघालं तर मोरा बंदर येईपर्यंत दिवस मावळतो. म्हणून सायकल.

तासावर सायकल देणारी दुकानं जुन्या पनवेलमध्ये एकेकाळी गल्लोगल्ली होती. आता शोधावी लागतात. टपाल नाक्याकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मात्र मालकांनी भिंतीला टेकवलेली एक गिअरवाली सायकल दाखवली. दिवसाचे २०० रुपये आणि आधारकार्डाची झेरॉक्स.

“कुठवर जाणार?”

“उरण. पुढे मोऱ्याला.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग सायकलकडे. “ट्रेलर बघितलेत ना त्या रस्त्याचे? बरं, गिअर आहेत, पण चौथ्यावर ठेवलाय तो हलवू नका. हलवला तर परत यायचा नाही.” मग स्वतःच ब्रेक आवळले, मागच्या चाकात हवा भरली आणि पंप काढताना म्हणाले, “पनवेलची चाकं आहेत, जातील.”

ते सहज बोलून गेले, पण त्यात तथ्य आहे. बैलगाडीची चाकं बनवणारं गाव म्हणून ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद आहे. देशावरून येणारे गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन परत जात. मुंबई-पुणे रेल्वे होण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून बोरघाटाची वाट धरायचा. समुद्र संपतो आणि चाक सुरू होतं, अशी ही जागा. मी तेच उलट्या दिशेने करणार होतो.

जानेवारीतला मंगळवार. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून वार बघूनच निघालो होतो. गाढी नदी ओलांडून करंजाडे मागे टाकलं, तेव्हा नुकतं उजाडत होतं. दक्षिणेकडे कर्नाळ्याचा अंगठा आभाळात उभा. हा सुळका, माथेरानचं पठार, पायाखालचा रस्ता आणि समुद्रातलं ते बेट, सगळा एकच बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि पाण्यासारखा पसरला. थर थंड व्हायचा, त्यावर पुढचा यायचा. दख्खनचा हा काळा पाषाण आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यामुळे घारापुरीवर जाऊन ज्वालामुखीचं तोंड शोधणाऱ्यांची निराशा ठरलेली. तिथे शंकूही नाही आणि विवरही नाही.

पण या सगळ्या पसाऱ्यात पनवेलचं नाव एका खास गोष्टीला मिळालंय, आणि ही गोष्ट पनवेलमध्येच फार थोड्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पट्टीने आखल्यासारखे. पनवेलच्या आसपास आलं की तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे वाकतात. ओट्यावर घड्या घालून ठेवलेल्या घोंगड्या कडेवरून खाली ओघळाव्यात, तसे. मुंबईपर्यंत पोचता पोचता हा उतार दहा ते पंधरा अंशांचा होतो. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. हे नाव रूढ झालं ते जॉन ऑडन यांच्या १९४९च्या लेखनापासून. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात बरीच वर्षं काम केलेले हे गृहस्थ इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ. धाकट्याचं नाव जगभर झालं. थोरल्याने पनवेलचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी बसवलं. एस.टी. स्टँडवर याचा एखादा फलक लावायला काय हरकत आहे?

थर वाकले कशाने? शास्त्रज्ञ याचा संबंध सेशेल्सशी लावतात. आज हिंदी महासागरात दूर असलेली ती बेटं तेव्हा भारताला चिकटलेली होती. ती सुटी होऊन सरकू लागली तेव्हा इथलं भूकवच ताणलं गेलं, पातळ झालं आणि किनाऱ्याकडची बाजू खचत गेली.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर खाणीसारखी जागा नाही. कुंडेवहाळच्या बाजूला डोंगरच्या डोंगर कापलेले आहेत. रस्त्यावरून दिसणाऱ्या एका कापलेल्या भिंतीसमोर मी सायकल थांबवली. काळ्या कठीण थरावर तांबूस, भुसभुशीत पट्टा, त्यावर पुन्हा काळा थर. तांबूस पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात उघड्यावर राहून कुजलेला खडक. पट्ट्याची रेघ डावीकडून उजवीकडे डोळ्याने ओढत नेली, तर समुद्राच्या अंगाला ती स्पष्ट खाली उतरत होती. रस्त्याकडेला पडलेला एक तुकडा उचलला. त्यात वाटाण्याएवढी भोकं आणि भोकांत पांढरे स्फटिक. लाव्ह्यातून सुटलेल्या वायूंचे बुडबुडे जागच्या जागी थिजले आणि पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरले गेले. डंपरवाल्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

डावीकडे-उजवीकडे पाहत सायकल हाकण्याचा हा रस्ता नव्हे, हेही सांगायला हवं. जेएनपीटी बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून हा रस्ता कंटेनरचा. ट्रेलर बाजूने गेला की आधी हवेचा धक्का लागतो, मग धूळ, मग आपण अजून पांढऱ्या पट्टीच्या आत आहोत याचं समाधान. उजव्या हाताला नवी मुंबईचा विमानतळ. इथे उलव्याची टेकडी होती. सुरुंग लावून ती सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. धावपट्टी पुढच्या पिढ्यांना दिसेल, टेकडी कुणाच्या आठवणीतही राहायची नाही.

गव्हाण फाटा ओलांडला की पुढे जासई. इथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने कवडीमोलाने जमिनी घेतल्या, त्याविरुद्ध १६ आणि १७ जानेवारी १९८४ला इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र पुढे आलं ते त्या रक्तातून. त्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी थोडा टेकलो. थोड्या अंतरावर अटल सेतूचे खांब दिसत होते. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४मध्ये खुला झाला, पण दुचाकीला तिथे बंदी. सायकलची तर बातच नको. ज्यांची खाडी, ज्यांच्या जमिनी, त्यांच्यापैकी किती जणांना या पुलावरून रोज जाता येतं, हा प्रश्न मनात आला आणि ट्रेलरच्या धुरळ्यात तिथेच ठेवून दिला.

करळ फाटा, बोकडवीरा, उरण. हे भराभर सरलं, कारण ऊन चढत होतं आणि मला भरतीची वेळ गाठायची होती. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी पाणी इतकं मागे जातं की मचवे चिखलात बसतात. घड्याळापेक्षा तिथिवार बघून निघावं लागतं. धक्क्यावर घारापुरीचा एक मचवा भरत होता: पाण्याचे जार, कांद्याची गोण, सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, शाळेच्या कसल्याशा दाखल्यासाठी उरणला आलेल्या दोन बाया. मी तांडेलला विचारलं, सायकल चढवू का?

“चढव की. पन तिथं चालवशील कुठं? पायऱ्यांवर?”

बाया हसल्या. मी सायकल धक्क्यावरच्या चहाच्या टपरीला टेकवली, मालकाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मचव्यात बसलो. बारा हजार वर्षं आधी निघालो असतो तर ही वेळ आली नसती. हिमयुगात समुद्र कितीतरी खाली होता, हे बंदर म्हणजे कोरडी दरी होती आणि घारापुरी ही तिच्यातली एक टेकडी. सायकल थेट पायथ्याशी गेली असती.

अर्ध्या तासाने राजबंदर. बेटावर तीन वस्त्या: शेतबंदर, मोराबंदर आणि ही. पर्यटक शेतबंदरला उतरतात, त्यामुळे इकडे शांतता असते. वाळत घातलेली मासळी, आमराई, पायरीवर झोपलेलं कुत्रं. पोर्तुगीज आले तेव्हा याच बाजूला दगडी हत्ती उभा होता आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्याच्या दारावरचा शिलालेखही पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, तो कायमचा गहाळ झाला. म्हणून हे लेणं कुणी कोरवलं हे सांगणारी ओळ आज आपल्याजवळ नाही. बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून अभ्यासक कलचुरी राजा कृष्णराजाकडे आणि सहाव्या शतकाकडे बोट दाखवतात.

मचव्यातल्या बायांपैकी एकीने घरात बोलावून पाणी दिलं. पंखा फिरत होता. “फेब्रुवारी २०१८ला लाईट आली,” तिने महिना-सालासकट सांगितलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. त्याआधी संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर. समोर मुंबईचा झगमगाट आणि इथे रॉकेलचा दिवा, अशी स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं गेली.

वस्तीतून वाट चढत लेण्याकडे जाते. ४० रुपयांचं तिकीट काढून आत शिरलो तेव्हा गेटवेची पहिली गर्दी ओसरली होती. त्रिमूर्ती सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. वीस फुटांच्या आसपास उंचीचा तो सदाशिव समोर आला की फोटो किती खोटं बोलतात ते कळतं. पण त्या दिवशी माझी नजर मूर्तीआधी दगडावर गेली. मधल्या मुखाच्या खालच्या ओठावर उजेड तिरका पडला होता. त्या ओठाची मऊ, भरीव कड जिथे हनुवटीकडे वळते, तिथे खडकाचा दाणा दिसत होता. सकाळी हातात घेतला होता तो, तसाच काळसर, तसाच कठीण. छताकडे पाहिलं, तर खडकाची एक बारीक शीर आरपार गेलेली. कारागिरांनी तिला वळसा न घालता खांबांची ओळ तिच्याखालून नेली आहे.

कुंडेवहाळला दगड काढतात तो बाहेर नेण्यासाठी. उलव्याला काढला तो जागा मोकळी करण्यासाठी. इथेही काढलाच, सभामंडप आडवा-उभा सुमारे चाळीस मीटर, म्हणजे एवढा डोंगर पोखरून बाहेर टाकला. पण कारागिरांनी आधी ठरवलं की आत काय ठेवायचं. अर्धनारीश्वराचा कललेला खांदा, गंगा झेलणारा शिव, अंधकाला भाल्यावर घेतलेला भैरव. दगडाचा एक चुकीचा टवका उडाला असता तर तो परत चिकटवता येणार नव्हता. मूर्तींचे हातपाय नंतर माणसांनीच तोडले, ती वेगळी गोष्ट. लेण्याला १९८७मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. तोवर बराच वारसा फुटून गेला होता.

वर तोफांच्या टेकडीवर गेलो. पश्चिमेला मुंबईच्या इमारती, पूर्वेला बंदराच्या क्रेन, त्यांच्यामागे फिकट निळी डोंगररांग. कर्नाळ्याचा अंगठा तिथूनही ओळखू आला. मधला सगळा वाक, खाणी आणि खाडी एका नजरेत. तेवढ्यात तांडेलचा फोन: “साहेब, पानी उतरतंय. येताय का ऱ्हाताय?” उतरणीवर माकडाने माझ्या हातातली काकडी घेतली आणि वर माझ्याकडे पाहून दात विचकले. भांडायला वेळ नव्हता.

मोऱ्याच्या धक्क्यावर उतरलो. टपरीला सायकल नव्हती.

“सायकल कुठे गेली हो?”

चहावाल्याने गाळणं झटकलं. “पोरगा घेऊन गेलाय बाजारात. साखर संपली होती. येईल आता, बसा.” मी बसलो. “गिअर चांगले आहेत म्हणत होता,” तो म्हणाला. “सगळे टाकून बघितले त्याने.” चहाचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. पोरगा आला, साखरेची पिशवी काढून घेतली आणि सायकल माझ्या हाती दिली. गिअर दुसऱ्यावर अडकला होता. पनवेलपर्यंत तो तिथेच राहिला.